‘टू फेज’ भट्टीला ४०० व्होल्ट: एका जोडणीचं प्रकरण

भट्टी पावडर कोटिंगची, म्हणजे धातूवर फवारलेली रंगाची पावडर भाजून पक्की करणारी होती, विजेच्या एलिमेंटवर चालणारी, वापरलेली पण धडधाकट. विकणारा उत्तर अमेरिकेतला. घेणाऱ्या कारखान्यात वीज २३०/४०० व्होल्ट, ५० हर्ट्झची. कोटेशनमध्ये विजेबद्दल एकच ओळ होती: ‘२४० व्होल्ट, टू फेज, फोर वायर, ६० अँपिअर’. खरेदी विभागाने ती जशीच्या तशी वर्क ऑर्डरमध्ये उतरवली आणि वायरमनच्या हातात दिली. भट्टी पहिल्यांदा चालू केली त्याच दिवशी ती बंद पडली. नुकसान कोणामुळे झालं याचा अहवाल द्यायला मला बोलावलं, तेव्हा विक्रेता, वायरमन आणि कारखान्याचा व्यवस्थापक अशा तिघांकडे तीन कारणं तयार होती.

वायरमनने काय वाचलं

तो कच्चा माणूस नव्हता. त्याच्या बोर्डावर तीन फेज, म्हणजे एकमेकींच्या मागेपुढे चालणाऱ्या लहरींच्या तीन जिवंत तारा, आणि परतीची न्यूट्रल होती. ‘टू फेज’ म्हणजे त्यातल्या दोन. ‘फोर वायर’ म्हणजे त्या दोन, शिवाय न्यूट्रल आणि अर्थिंग. भट्टीच्या टर्मिनल ब्लॉकवरही मोजून चारच जागा: दोन जिवंत तारांच्या, एक न्यूट्रलची, एक हिरवा स्क्रू अर्थचा. सगळं जुळलं. ‘२४० व्होल्ट’ खटकायला हवं होतं असं नंतर सगळेच म्हणाले, पण त्याचा विचार सरळ होता. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट हीच वीज कोणी कागदावर २२० लिहितं, कोणी २४०. त्याने २४० चा अर्थ फेज ते न्यूट्रल असा घेतला, ६३ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा, दोन्ही तारा तोडणारा ब्रेकर) लावला, १६ चौरस मिलिमीटरची केबल ओढली आणि जोडणी केली. कामात खोट काढायला जागा नव्हती. प्रत्येक स्क्रू नीट आवळलेला, प्रत्येक टोकाला लग.

भट्टीच्या आत एलिमेंट सहा, प्रत्येकी १६०० वॅटचे, सगळे समांतर, दोन जिवंत तारांमध्ये जोडलेले. म्हणजे २४० व्होल्टला एकूण ९.६ किलोवॅट आणि ४० अँपिअर; रोध ६ ओहम. तीन फेजच्या बोर्डातल्या कोणत्याही दोन फेजमध्ये मात्र २४० नसतात, ४०० असतात. त्या व्होल्टेजला त्याच ६ ओहममधून जवळजवळ ६७ अँपिअर वाहतात आणि भट्टी २६.७ किलोवॅट खेचते, म्हणजे नेमलेल्या पावणेतीन पटीहून थोडं जास्तच.

इथे कोणीतरी विचारतंच, की मग एमसीबी का पडला नाही? कारण त्याने पडायचंच नव्हतं. घरगुती आणि तत्सम वापराच्या एमसीबीचं मानक सांगतं, की नेमलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर तरी पडता कामा नये. ६७ भागिले ६३ म्हणजे १.०६. ब्रेकरच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडतो त्या आरसीसीबीलाही काही कळायचं कारण नव्हतं. एका तारेतून गेलेला प्रवाह पुरताच्या पुरता दुसरीतून परत येत होता, जमिनीकडे काहीच गेलं नव्हतं. चुकीच्या व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण त्या पॅनेलमध्ये नव्हतंच, आणि बहुतेक पॅनेलमध्ये नसतं.

भट्टी वाचली ती कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे एलिमेंटची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या कॉइलमुळे. नियंत्रणाचा सगळा भाग एक जिवंत तार आणि न्यूट्रल यांच्यावर, १२० व्होल्टवर चालणारा होता. त्याला मिळाले २३०. तापमान नियंत्रकाचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा असल्याने त्याला फरकच पडला नाही. डिस्प्ले लागला, आकडे आले, सगळ्यांना वाटलं जमलं. नियंत्रकाने उष्णता मागितली, कॉन्टॅक्टर दणक्यात बसला आणि घरघरू लागला. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या कॉइलला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ दिले की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २.३ पट व्हायला बघतो. लोखंड तेवढा घेत नाही, ते संपृक्त होतं, आणि कॉइलमधला प्रवाह बेसुमार वाढतो. काही मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास आला, कॉइल तुटली, कॉन्टॅक्टर उघडला आणि एलिमेंटचा पुरवठा थांबला. तोवर सहापैकी दोन एलिमेंट गेले होते. कॉइल टिकली असती तर सहाही गेले असते.

विक्रेत्याने काय लिहिलं होतं

त्याच्याकडची वीज वेगळी. उत्तर अमेरिकेत घराला आणि लहान कारखान्याला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा एकाच फेजचा असतो. त्याच्या दुय्यम गुंडाळीची दोन टोकं बाहेर येतात आणि गुंडाळीच्या बरोबर मधून तिसरी तार काढून ती न्यूट्रल म्हणून अर्थ केलेली असते. टोकापासून टोकापर्यंत २४० व्होल्ट, कोणत्याही टोकापासून मध्यापर्यंत १२०. याला स्प्लिट फेज म्हणतात. काटेकोर भाषेत सिंगल फेज थ्री वायर. एडिसनच्या काळातल्या तीन तारांच्या डीसी पद्धतीचाच हा एसी वारसा आहे. पॅनेल उघडलं की दोन बसबार (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) दिसतात, मोठ्या उपकरणाला डबल पोल ब्रेकर लागतो, आणि मग इलेक्ट्रिशियनच्या तोंडी ‘ही एक फेज, ती दुसरी फेज’ अशी भाषा रुळते. विक्रेत्याने तेच लिहिलं. त्याच्या गावात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

(याच स्प्लिट फेज नावाची एक मोटरही असते, सुरू होण्यासाठी वेगळी गुंडाळी असलेली सिंगल फेज इंडक्शन मोटर. तिचा या जोडणीशी काही संबंध नाही. तरी ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की सांगून ठेवतो.)

भट्टीच्या नेमप्लेटवर मात्र टू फेज हा शब्द नव्हता. प्लेट मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेली. आरसा आणि बॅटरी घेऊन वाचली तेव्हा दिसलं: १२०/२४० व्होल्ट, मग १ चा आकडा आणि त्याला चिकटून शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारखी खूण, मग ३ वायर, ६० हर्ट्झ, ४२ अँपिअर. ती खूण फेजची. यांत्रिकी ड्रॉइंगमध्ये व्यासासाठीही अशीच खूण वापरतात, त्यामुळे वर्कशॉपमधल्या माणसाला ती ओळखीची वाटते आणि भलताच अर्थ लागतो. म्हणजे नेमप्लेट म्हणत होती सिंगल फेज, तीन वायर; कोटेशन म्हणत होतं टू फेज, चार वायर; आणि दोन्ही एकाच यंत्राबद्दल बोलत होते.

कोन कोणीच लिहिला नव्हता

या दोघांच्या भांडणाचा निकाल एका छोट्या सूत्राने लागतो. दोन जिवंत तारा घ्या, दोन्हींचं न्यूट्रलपासूनचं व्होल्टेज सारखं आहे असं धरा. त्यांच्या लहरींमध्ये जो कोन असेल त्याच्या अर्ध्याचा साइन घ्या, दुप्पट करा, आणि न्यूट्रलपासूनच्या व्होल्टेजने गुणा. दोन तारांमधलं व्होल्टेज मिळालं.

कोन १८० अंश असेल तर गुणक २ येतो: १२० चे २४०. हे स्प्लिट फेज. कोन १२० अंश असेल तर १.७३२: २३० चे ३९८, ज्याला आपण ४०० म्हणतो, किंवा १२० चे २०८. या तीन फेजमधल्या दोन. आणि कोन ९० अंश असेल तर १.४१४: १२० चे १७०. ही खरी टू फेज पद्धत, तिच्याकडे येतोच.

‘दोन जिवंत तारा’ हे तिन्हींना लागू आहे. आकडा दोनच राहतो, कोन बदलतो आणि त्याबरोबर व्होल्टेज. विक्रेत्याच्या डोक्यात १८० होते, वायरमनच्या डोक्यात १२०, आणि शब्द दोघांचा एकच.

न्यूट्रलच्या तारेचा हिशोबही कोनावरच फिरतो. दोन्ही जिवंत तारांवर न्यूट्रलपर्यंतचा सारखाच रोधी भार असेल, तर स्प्लिट फेजमध्ये न्यूट्रलमधले दोन्ही प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात, उरतं शून्य. तीन फेजमधल्या दोन घेतल्या तर न्यूट्रलमध्ये पूर्ण एका तारेएवढा प्रवाह वाहतो. खऱ्या टू फेजच्या तीन तारांच्या जोडणीत सामाईक तारेतून १.४१४ पट. म्हणजे स्प्लिट फेजसाठी न्यूट्रल बारीक ठेवलेलं यंत्र दुसऱ्या पद्धतीवर चढवलं, तर व्होल्टेज योग्य असूनही न्यूट्रल तापू शकते. आमच्या भट्टीत न्यूट्रलवर फक्त नियंत्रण आणि पंखा होता, म्हणून हा प्रश्न उद्भवला नाही. वेल्डिंग किंवा स्वयंपाकघराच्या मोठ्या यंत्रांत तो उद्भवतो.

स्प्लिट फेजला टू फेज म्हणावं की सिंगल, यावर इंजिनिअर लोक तासन्‌तास भांडतात. न्यूट्रलकडून पाहिलं तर दोन उलट्या लहरी दिसतात हे खरंच आहे. ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलवर त्या तशाच दिसतील. तरी मी सिंगलच म्हणतो, आणि कारण मोटरचं आहे. १८० अंशांच्या दोन लहरींपासून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही. दोन्ही एकाच वेळी शून्यावर येतात, एकाच वेळी शिखर गाठतात. उलट-सुलट असणं म्हणजे फक्त मीटरच्या दोन पिना कोणत्या बाजूने लावल्या एवढाच फरक. ९० अंशांच्या दोन लहरी फिरतं क्षेत्र देतात आणि समतोल भाराला अखंड, न हेलकावणारी शक्ती पोचवतात. ते काम स्प्लिट फेज करू शकत नाही. ज्याला मोटर फिरवायची आहे त्याच्यासाठी ‘फेज किती’ या प्रश्नाचा अर्थ हाच.

जी पद्धत कोणालाच अभिप्रेत नव्हती

गंमत अशी, की ‘टू फेज, फोर वायर’ हे शब्द अगदी अचूकपणे एका तिसऱ्याच गोष्टीचं वर्णन करतात. १८९५ साली नायगारा इथे सुरू झालेल्या ॲडम्स वीजकेंद्रातले जनरेटर टू फेज होते, २५ हर्ट्झचे. ९० अंशांच्या अंतरावरच्या दोन स्वतंत्र गुंडाळ्या, प्रत्येकीच्या दोन तारा, एकूण चार. टेस्लाने १८८८ मध्ये ज्या बहुफेज मोटरची पेटंट मिळवली तिच्या मागे हाच विचार. पण त्याच सुमाराला युरोपात डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की हा इंजिनिअर तीन फेजच्या मागे लागला होता आणि १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रांकफुर्ट अशी १७५ किलोमीटरची तीन फेजची लाइन चालवून दाखवली गेली. तेवढंच व्होल्टेज, तेवढाच तोटा धरला तर तीन फेजच्या तीन तारांना टू फेजच्या चार तारांच्या पाऊणपट तांबं पुरतं. या हिशोबापुढे टू फेज टिकणं कठीण होतं. नायगाराची वीज बफेलोला न्यायची वेळ आली तेव्हा ती चार्ल्स स्कॉट या इंजिनिअरच्या जोडणीने तीन फेज करूनच पाठवली. ही स्कॉट जोडणी, दोन ट्रान्सफॉर्मर वापरून दोनाचे तीन आणि तीनाचे दोन फेज करणारी, अजून काही ठिकाणी भट्ट्यांसाठी आणि रेल्वेसाठी वापरतात. पद्धत मागे पडली, नाव मात्र मोकळं सुटलं, आणि ज्याला जे हवं त्याने ते घेतलं.

‘फोर वायर’चा घोटाळा वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त वाईट. काटेकोर रिवाजात वायर मोजताना फक्त रोजच्या कामाचा प्रवाह वाहणाऱ्या तारा मोजतात. संरक्षक अर्थ त्यात धरत नाहीत. म्हणून नेमप्लेटवर ३ होते. विक्रेत्याने अर्थ धरून चार मोजल्या, कारण त्याच्याकडच्या प्लगला चार पिना असतात. आणि जगातल्या बहुतेक औद्योगिक पॅनेलवर ‘फोर वायर’ म्हटलं की तीन फेज आणि न्यूट्रल असंच समजतात. वायरमनने ‘टू फेज’ आधी वाचलं म्हणून तो तिकडे गेला नाही, एवढंच.

याच वंशातली एक जोडणी आणखी फसवी आहे, जुन्या अमेरिकी कारखान्यांतली हाय लेग डेल्टा. तीन फेज, चार वायर, २४० व्होल्ट असं तिचं वर्णन अगदी बरोबर असतं. दोन फेज न्यूट्रलपासून १२० वर असतात आणि तिसरी २०८ वर. म्हणून ती तिसरी तार नारिंगी रंगाने दाखवतात. तिच्यावर १२० चं काही जोडलं की संपलं.

तीन मापं

कारखान्याच्या बोर्डावर मी मल्टीमीटर लावला आणि व्यवस्थापकाला आकडे लिहायला सांगितले. जिवंत ते जिवंत ४०३. पहिली जिवंत ते न्यूट्रल २३३. दुसरी जिवंत ते न्यूट्रल २३२.

“साहेब, हे तर बरोबरच आहे,” वायरमन म्हणाला.

बोर्डासाठी बरोबर होतं. मी पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायला सांगितलं. १.७३ आलं. भट्टीच्या नेमप्लेटवरचे दोन आकडे भागले, २४० भागिले १२०, तर २. बोर्डाचा भागाकार आणि यंत्राचा भागाकार जुळत नाही, म्हणजे कोन जुळत नाही, म्हणजे ही जोडणी कोणत्याही दोन तारा निवडल्या तरी सरळ बसणार नाही. कोणता ट्रान्सफॉर्मर कुठे आहे, कोण कशाला काय म्हणतं, हे काही माहीत नसलं तरी हा भागाकार करता येतो. वायरमनने तो वहीत उतरवून घेतला.

अहवालात मी दोष कागदावर टाकला. वायरमनने सांगितलेलं केलं, विक्रेत्याने त्याच्याकडे चालतं ते लिहिलं. खरेदी विभागाने मात्र कोटेशनची ओळ नेमप्लेटशी न ताडता कामाचा हुकूम म्हणून पुढे ढकलली. नेमप्लेट आणि कोटेशन वेगळं बोलत असतील तर नेमप्लेट खरी, आणि जोडणीआधी तिचा फोटो मागवणं हे मागणाऱ्याचं काम. विक्रेत्याने दोन एलिमेंट आणि कॉइल पाठवायचं कबूल केलं, मजुरी कारखान्याने सोसली. यावर व्यवस्थापक फारसा खूष नव्हता.

दुरुस्ती

दोन वाटा होत्या. एक, ४०० व्होल्ट घेऊन १२०-०-१२० देणारा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. भट्टीच्या आत हात लावायची गरज नाही, पण दहा-बारा केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर जागा खातो आणि महाग पडतो. दुसरी, भट्टीलाच इथल्या विजेवर आणायचं. दुसरी निवडली.

एलिमेंट २४० चे, आणि फेज ते न्यूट्रल २३०. म्हणजे एका जिवंत टर्मिनलवर फेज आणि दुसऱ्यावर न्यूट्रल दिली की काम झालं. शक्ती ९.६ वरून ८.८ किलोवॅटवर उतरते, भट्टी तापायला थोडा जास्त वेळ घेते, पावडर कोटिंगला तेवढं चालतं. कॉन्टॅक्टर दोन्ही तारा तोडतो, त्यामुळे बंद असताना एलिमेंटवर काही उरत नाही. भट्टीचं जुनं न्यूट्रल टर्मिनल सोडवलं आणि नियंत्रणासाठी २३० ते ११० व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर दिला. ११० कशाला, १२० का नाही? नवीन कॉइलवर दोन रेटिंग छापलेली होती: ११० व्होल्ट ५० हर्ट्झ, १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. वारंवारता उतरली की व्होल्टेजही त्या बेताने उतरवावं लागतं, नाहीतर गाभा पुन्हा संपृक्ततेकडे सरकतो.

एक पट्टी आहे का ते पाहायचं होतं. जुन्या अमेरिकी उपकरणांत काही वेळा न्यूट्रल आणि धातूची चौकट आतच पत्र्याच्या पट्टीने जोडलेली असते. ती असती तर चौकट रोजचा प्रवाह वाहू लागली असती आणि आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडला असता. टर्मिनल ब्लॉकच्या मागे पाहिलं, ती नव्हती. चौकट फक्त अर्थला ठेवली.

कारखान्याच्या मागणीपत्रात ‘फेज’ नावाचा एकच रकाना होता, तो काढून टाकला. आता विचारतात: जिवंत तारांमधलं व्होल्टेज, जिवंत ते न्यूट्रल व्होल्टेज, न्यूट्रल लागते की नाही, अर्थ सोडून वायर किती, वारंवारता आणि नेमप्लेटचा फोटो. युरोपी बनावटीच्या यंत्रांवर हे सगळं बहुतेक वेळा एका ओळीत मिळतं, उदाहरणार्थ ‘३/एन/पीई, ४००/२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’: तीन जिवंत, न्यूट्रल, संरक्षक अर्थ, आधी जिवंत तारांमधलं व्होल्टेज आणि तिरक्या रेघेनंतर न्यूट्रलपासूनचं. अमेरिकी सिंगल फेज थ्री वायरमध्ये लहान आकडा आधी येतो, १२०/२४०. कोणता आकडा कशाचा हे क्रमावरून ठरवू नये एवढं त्यावरून कळावं.

पंख्याचं काम शेवटी राहिलं. तो ६० हर्ट्झचा. ५० वर त्याचा वेग साधारण पाच षष्ठांशावर येतो आणि हवा तेवढी कमी फिरते. भट्टीच्या चार कोपऱ्यांत तापमान मोजणारे थर्मोकपल ठेवून पाहिलं तर दाराजवळचा कोपरा थंड राहत होता. तेवढ्याच हवेचा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पंखा बसवल्यावर चारही कोपरे हवे त्या मर्यादेत आले, आणि नियंत्रणाच्या ट्रान्सफॉर्मरवर आता फक्त कॉइल आणि नियंत्रक उरले.